वापरलेला ट्यूब प्रीॲम्प आणि बेस गिटार : दोष शोधावा कसा

बेस गिटारचा क्षीण सिग्नल मुख्य ॲम्प्लिफायरकडे जाण्याआधी वाढवणारा, काचेच्या निर्वात नळ्यांवर म्हणजे ट्यूबवर चालणारा, वापरलेला प्रीॲम्प घरी येतो, आपण तो उत्साहाने जोडतो आणि त्यातून घरघर, खरखर किंवा निव्वळ शांतता ऐकू येते. अशा वेळी बहुतेक वादकांचा पहिला संशय ट्यूबवर जातो. ट्यूब दिसते, तापते, उजळते आणि हाताने उपसून बदलता येते, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात तिलाच आधी उभे केले जाते. मीही तेच केले होते. काही वर्षांपूर्वी एका वादकाकडून मी रॅकमध्ये बसणारा दोन ट्यूबचा प्रीॲम्प घेतला. पंधरा-वीस मिनिटे तो उत्तम वाजे आणि मग सुक्या पाचोळ्यावरून कोणी चालावे तशी कर्रकर्र सुरू होई. दोन नव्या ट्यूब मागवल्या, बसवल्या. विसाव्या मिनिटाला पाचोळा पुन्हा वाजू लागला. दोष होता ट्यूबच्या सॉकेटच्या एका पायाशी तडकलेल्या डाखात (सोल्डरच्या सांध्यात), आणि तो दुरुस्त करायला लागले एक मिनिट. तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो: आधी पेटीच्या बाहेरचे सारे तपासायचे, मग आतले, आणि आतही सांधे, जॅक व पॉट (बटणांमागचे फिरते रेझिस्टर) आधी, नव्या ट्यूबवरचा खर्च त्यांच्यानंतर.

पुढील विवेचनात गृहीत धरलेला प्रीॲम्प नेहमीच्या रचनेचा आहे, म्हणजे त्यात, प्रत्येकीत दोन स्वतंत्र भाग असलेल्या, १२एएक्स७ जातीच्या दोन ट्यूब आहेत आणि त्यांना अडीचशे ते तीनशे व्होल्ट डीसी मिळते. युरोपीय पद्धतीत याच ट्यूबला ईसीसी८३ म्हणतात आणि आपल्याकडचे जुने रेडिओ दुरुस्त करणारे तिला आजही व्हॉल्व्हच म्हणतात. बेसवादकांत नावाजलेला अलेम्बिकचा एफ-२बी याच घराण्यातला असून त्याची रचना फेंडरच्या ॲम्प्लिफायरच्या सुरुवातीच्या टप्प्यांवरून घेतलेली आहे. बाजारात दुसराही एक प्रकार मिळतो. त्यात ट्यूबला पन्नासहून कमी व्होल्ट मिळतात आणि खरे काम आतल्या आयसी करतात. तशा यंत्राला खाली दिलेले व्होल्टेजचे आकडे लागू होत नाहीत. ते यंत्र वेगळ्या अडॅप्टरवर चालणारे असेल, तर मूळ अडॅप्टर एसी देणारा होता की डीसी, हे सर्वांत आधी पाहावे. दिसायला सारखा पण चुकीचा अडॅप्टर मिळाल्यामुळे मुके झालेले प्रीॲम्प कमी नाहीत.

झाकण उघडण्याआधीची अट

ट्यूब यंत्राच्या आतील विद्युतदाब जीवघेणा असतो, आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा सपाट करणारे भाग) तो काही काळ धरून ठेवू शकतात. घरच्या विजेवर काम करण्याची सवय नसलेल्या वाचकाने झाकण लावूनच करता येणाऱ्या तपासण्या कराव्यात आणि पुढचे काम ट्यूब यंत्रांची माहिती असलेल्या तंत्रज्ञाकडे सोपवावे. ज्यांना सवय आहे त्यांनीही प्लग भिंतीतून पूर्ण काढावा आणि १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला इन्सुलेशन असलेल्या क्लिपा लावून तो प्रत्येक मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर दहा सेकंद धरावा. त्यानंतर मल्टिमीटरने मोजावे आणि दाब दहा व्होल्टच्या खाली आल्याची खात्री झाल्यावरच आत हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करण्याची पद्धत अनेक दुकानांत दिसते. ती कपॅसिटरलाही वाईट आणि करणाऱ्याच्या डोळ्यांनाही. चालू यंत्रात मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने चॅसिसला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, लावून ठेवावी, मोजणी एकाच हाताने करावी, दुसरा हात पाठीमागे ठेवावा आणि घरात दुसरे कोणीतरी जागे असावे.

एक दिलासाही आहे. ट्यूबच्या पॉवर ॲम्प्लिफायरला स्पीकर न जोडता चालवले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. प्रीॲम्पमध्ये स्पीकर चालवणारा तसा ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यामुळे टेबलावर, पुढे काहीही न जोडता, तो बिनधास्त चालू ठेवता येतो.

वीज देण्यापूर्वी

यंत्राच्या मागच्या पट्टीवरील व्होल्टेज वाचणे ही पहिली पायरी आहे, आणि घाईत तीच गळते. अमेरिकेतून नातेवाइकाच्या बॅगेतून आलेले यंत्र बहुधा १२० व्होल्टचे असते, जपानमधले १०० व्होल्टचे. १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावले, तर ट्यूबमधील ६.३ व्होल्टच्या हीटरला (तापणाऱ्या तारेला) बारा व्होल्ट मिळतात आणि २८० व्होल्टच्या जागी पाचशेच्या वर दाब चढतो; ४५० व्होल्टचे कपॅसिटर तो सोसू शकत नाहीत. फ्यूज योग्य असेल तर तो आधी उडून यंत्राला वाचवतो. मागे ११५ आणि २३० असा निवडीचा स्विच असेल तर तो योग्य जागी सरकवून फ्यूजही त्या व्होल्टेजसाठी सांगितलेला घालावा, कारण २३० वर विद्युतप्रवाह निम्मा होतो आणि फ्यूजचा आकडाही साधारण निम्माच लागतो. असा स्विच नसेल तर २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला मूळ ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर थोडा अधिक तापतो, म्हणून पहिल्या तासाभरात त्यावर हात ठेवून अंदाज घ्यावा.

यानंतर फ्यूज बाहेर काढून पाहावा. आधीच्या मालकाने त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल किंवा २५० मिलिॲम्पिअरच्या जागी ३ ॲम्पिअरचा फ्यूज बसवलेला असेल, तर त्या यंत्रात फ्यूज वारंवार उडत होता, ही बातमी आपल्याला विक्रेत्याने सांगितली नसली तरी फ्यूजने सांगितली असे समजावे. त्याचप्रमाणे प्लगची अर्थची पिन कापलेली आहे का, तेही पाहावे. घरघर घालवण्यासाठी अर्थ तोडणे हा आपल्याकडचा जुना आणि अत्यंत घातक उपाय आहे. तारांना बोटे आणि माइकला ओठ लावून उभा असलेला वादक त्यामुळे थेट धोक्यात येतो. यंत्राच्या चॅसिसपासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंतचा रोध मल्टिमीटरवर एक ओहमच्या आत यायला हवा. तो येत नसेल तर ती दुरुस्ती सर्वांत आधी करावी आणि तोवर वीज देऊ नये.

पहिली वीज थेट भिंतीतून न देता सिरीज बोर्डावरून द्यावी. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक दुकानात असा बोर्ड असतो: एक साधा फिलामेंटचा बल्ब आणि सॉकेट एकामागोमाग जोडलेले. प्रीॲम्प जेमतेम वीस-तीस वॉट घेतो, म्हणून चाळीस किंवा साठ वॉटचा बल्ब पुरतो. यंत्र चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत मोठा शॉर्ट नाही. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर लगेच बंद करावे, कारण ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) किंवा पहिला फिल्टर कपॅसिटर यांपैकी काहीतरी गेलेले आहे. बल्ब सिरीजमध्ये असताना आतले सारे व्होल्टेज कमी दिसते, त्यामुळे त्या अवस्थेत मोजलेले आकडे निदानासाठी वापरू नयेत. जे यंत्र आठ-दहा वर्षे माळ्यावर पडून होते त्याला मात्र या बल्बवर अर्धा-पाऊण तास ठेवणे हिताचे असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दीर्घकाळ पडून राहिले की त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो आणि कमी दाबाखाली तो काही प्रमाणात पुन्हा तयार होतो.

दोष पेटीबाहेर तर नाही ना

बेस गिटार ॲक्टिव्ह, म्हणजे आतल्या बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटची, असेल तर तिची नऊ व्होल्टची बॅटरी प्रथम बदलावी. उतरत आलेली बॅटरी जो फाटका, चिरकणारा आवाज देते, तो ट्यूब खराब झाल्यासारखाच वाटतो. केबल बदलून पाहावी. गिटार पूर्ण बाजूला ठेवून, प्रीॲम्पच्या इनपुटमध्ये काहीही न लावता ऐकावे: आता घरघर थांबली तर ती गिटारच्या पिकअपमधून किंवा केबलमधून येत होती. सिंगल कॉइल पिकअप ट्रान्सफॉर्मरजवळ, एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरजवळ किंवा लॅपटॉपच्या चार्जरजवळ घुमणारच. वादकाने जागच्या जागी गिरकी घेतल्यावर घरघर कमीजास्त झाली, तर प्रीॲम्प निर्दोष आहे.

पुढचा संशयित म्हणजे ग्राउंड लूप, अर्थात दोन यंत्रांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली गेल्याने येणारी घरघर. प्रीॲम्प एका बोर्डावर आणि पॉवर ॲम्प किंवा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असेल तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणावेत. प्रीॲम्पच्या मागे ग्राउंड लिफ्टचा स्विच असेल तर तो वापरावा, कारण तो केवळ सिग्नलची ग्राउंड तोडतो आणि सुरक्षेची अर्थ कायम ठेवतो. जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतेच असते, म्हणून सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास व्होल्ट मिळतात का आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातला फरक दोन-तीन व्होल्टांत राहतो का, हे मोजून घ्यावे.

तिसरी गोष्ट सांगताना मला स्वतःचेच हसू येते, कारण एका मित्राचा प्रीॲम्प मी सबंध संध्याकाळ उघडून बसलो होतो आणि त्यात काहीही बिघडलेले नव्हते. बाहेरचे इफेक्ट मध्ये जोडण्यासाठी यंत्रावर सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात, त्याला इफेक्ट्स लूप म्हणतात; त्यातल्या रिटर्न जॅकमध्ये एक छोटा स्विच असतो. त्या जॅकमध्ये काही लावलेले नसताना हा स्विच सिग्नल पुढे जाऊ देतो. वर्षानुवर्षे त्या जॅकला कोणी हात लावलेला नसतो, त्याच्या पत्रीवर काळपट थर चढतो आणि सिग्नल तिथेच अडतो किंवा मध्येच गायब होतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत राहिलेल्या यंत्रांत हा दोष फार लवकर येतो. तपासणी सोपी आहे: एका छोट्या केबलने सेंड जॅक थेट रिटर्न जॅकला जोडावा. आवाज परत आला की दोष सापडला. त्या जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून प्लग वीस-पंचवीस वेळा आतबाहेर केला की बहुधा काम संपते.

टोनचे पॉटही वादकाला फसवतात. फेंडर पद्धतीच्या टोन मंडलात (टोनच्या सर्किटमध्ये) बेस, मिड आणि ट्रेबल हे तिन्ही शून्यावर ठेवले तर आवाज जवळजवळ बंद होतो. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. तिन्ही मध्यावर ठेवल्यास चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि बँडमध्ये बेस बुडाल्यासारखा वाटतो. बेस व ट्रेबल अगदी खाली आणि मिड पूर्ण वर, ही तिथली सर्वांत सपाट मांडणी होय. प्रीॲम्पमध्ये दम नाही अशी तक्रार करण्यापूर्वी ही मांडणी ऐकावी.

कानाने निदान

आता दोष खरोखर पेटीच्या आत आहे असे धरू. पहिला प्रश्न असा की व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर आवाज जातो की राहतो. गेला तर दोष व्हॉल्यूमच्या पॉटच्या आधी, म्हणजे इनपुट जॅक, पहिली ट्यूब आणि टोन मंडल यांत आहे. राहिला तर पुढच्या टप्प्यात किंवा वीजपुरवठ्यात. या एका प्रश्नाने निम्मे यंत्र संशयमुक्त होते, म्हणून उत्तर कागदावर लिहून ठेवावे.

घरघर असेल तर ती ५० हर्ट्झची की १०० हर्ट्झची हे ठरवावे, आणि त्यासाठी बेसवादकाच्या हातातच मापक आहे. ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवर मिळणारा जी ४९ हर्ट्झचा, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झची. बेस दुसऱ्या यंत्रातून किंवा ट्यूनर लावून नीट मिळवून घ्यावा आणि हे दोन स्वर घरघरीशी ताडून पाहावेत. घरघर दोन्ही वेळा किंचित चढी, साधारण एक तृतीयांश अर्धस्वराने वर लागेल. छोटा स्पीकर पन्नास हर्ट्झ नीट वाजवतच नाही आणि फक्त त्याचा दुप्पट स्वर ऐकवतो, म्हणून ही तुलना ऑडिओ इंटरफेसला लावलेल्या हेडफोनवर करावी. मोकळ्या जीच्या जवळचा स्वर निघाला तर रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कपॅसिटर थकलेले आहेत, कारण पूर्ण तरंगाचा रेक्टिफायर ५० हर्ट्झच्या विजेतून १०० हर्ट्झची लहर निर्माण करतो. तिसऱ्या पट्टीच्या जीजवळचा स्वर निघाला तर हीटरची वायरिंग, ट्यूबमधील हीटर व कॅथोड (हीटरने तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यातील गळती, ग्राउंडचा सैल सांधा किंवा अर्ध्या तरंगाचा रेक्टिफायर यांकडे पाहावे. काही यंत्रांत हीटरची घरघर संतुलित करणारा छोटा ट्रिमर असतो. तो हलवून सर्वांत शांत जागी ठेवावा.

फटफटीसारखा, ठराविक लयीत चालणारा फट-फट आवाज येत असेल तर टप्प्याटप्प्यांमधील वीजपुरवठा वेगळा करणारे कपॅसिटर कोरडे पडले आहेत. सतत आणि एकसारखी फुसफुस गेनसोबत वाढत असेल तर ती बऱ्याच अंशी नैसर्गिक आहे, कारण १२एएक्स७ चा प्रवर्धन गुणांक शंभर असतो आणि ती आधीचा सारा गोंगाटही मोठा करते. अनियमित कर्रकर्र मात्र सांध्याचा, ट्यूबच्या प्लेटला वीज पुरवणाऱ्या रेझिस्टरचा किंवा कधीकधी ट्यूबचा दोष सांगते. तापल्यानंतरच सुरू होणारी कर्रकर्र असेल तर डाखाचा संशय सर्वांत आधी घ्यावा. प्रसरण पावणाऱ्या धातूने भेग रुंदावल्याचे ते लक्षण असते.

ट्यूबची पाळी

आता ट्यूबकडे वळावे. वीज बंद करून, ट्यूब गार होऊ देऊन आणि तिच्यावरचे धातूचे कवच फिरवून काढून ती सरळ वर ओढावी. डावी-उजवीकडे जोरात हलवल्यास पातळ पायाशी काच तडकते. काचेच्या डोक्याशी आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ती ट्यूब संपली. पाय काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसावेत. सॉकेटच्या भोकात कॉन्टॅक्ट क्लीनर घालून ट्यूब पाच-सहा वेळा आतबाहेर करावी. यानेच अनेक खरखरी संपतात आणि श्रेय मात्र त्याच वेळी बसवलेल्या नव्या ट्यूबला जाते.

मग दोन्ही ट्यूबची अदलाबदल करावी. दोन्ही १२एएक्स७च आहेत ना, एवढे काचेवर वाचून घ्यावे, कारण त्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या १२एटी७ चा गुणांक साठ आणि १२एयू७ चा सतरा ते वीस असतो, आणि आधीच्या मालकाने गेन कमी करण्यासाठी तशी ट्यूब लावलेली असू शकते. अदलाबदलीनंतर लक्षण बदलले किंवा व्हॉल्यूमच्या दुसऱ्या बाजूला सरकले तर दोष ट्यूबमध्ये आहे. काहीच बदलले नाही तर नव्या ट्यूबवर खर्च करू नये.

चालू यंत्रात ट्यूबवर पेन्सिलने हलकेच टिचकी मारली की पहिल्या जागेवरची ट्यूब थोडी टणकारतेच. टणकार लांबत गेला किंवा शिट्टी वाजू लागली, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे बाहेरची थरथर ती आवाजात बदलते. बेससाठी हा दोष गिटारपेक्षा अधिक त्रासदायक असतो, कारण मोठ्या स्पीकरच्या कॅबिनेटवर ठेवलेला प्रीॲम्प प्रत्येक खालच्या स्वराबरोबर थरथरतो. अशी ट्यूब दुसऱ्या जागेवर हलवली तर पुष्कळदा निमूट काम करते.

ट्यूब उजळतच नसेल तर तिचा हीटर मोजावा. पाय ४ व ५ यांच्यात, आणि ९ पासून या दोघांपर्यंत, गार अवस्थेत काही ओहमांचा रोध मिळायला हवा. ६.३ व्होल्टच्या जोडणीत ४ व ५ एकत्र केलेले असतात आणि दोन्ही अर्ध्या भागांना स्वतंत्र वीज मिळते, म्हणून एक हीटर तुटला तरी दुसरा उजळतो, १२.६ व्होल्टच्या जोडणीत एक तुटला की दोन्ही विझतात. नवी ट्यूब घ्यायचीच झाली तर आज ती प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमध्ये तयार झालेली मिळते. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवले, आणि त्यांचा जुना साठा एखाद्या रेडिओवाल्याकडे अजूनही सापडतो.

मीटर काय सांगतो

येथून पुढे झाकण उघडे आणि यंत्र चालू असते, म्हणून सुरुवातीला दिलेली खबरदारी पुन्हा मनाशी घ्यावी. सॉकेटचे पाय डाखाच्या बाजूने पाहताना मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १ ते ९ असे मोजतात. पाय १ व ६ म्हणजे दोन भागांच्या प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या), २ व ७ ग्रिड (जिथे सिग्नल येतो), ३ व ८ कॅथोड. नमुना म्हणून असा टप्पा घेऊ, ज्यात पुरवठा २८० व्होल्टचा, प्लेटचा रेझिस्टर १०० किलोओहमचा आणि कॅथोडचा दीड किलोओहमचा आहे. कॅथोडवर दीड व्होल्ट मिळाला तर एक मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो आहे. तोच प्रवाह प्लेटच्या रेझिस्टरवर शंभर व्होल्ट खर्च करतो आणि प्लेटवर १८० उरतात. हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले की तो टप्पा डीसीच्या दृष्टीने निरोगी आहे. यंत्रायंत्रांत दहा-पंधरा टक्के फरक चालतो.

बिघाडाचे आकडे अधिक बोलके असतात. प्लेटवर पूर्ण २८० आणि कॅथोडवर शून्य असेल तर ट्यूबमधून प्रवाह वाहत नाही: हीटर विझलेला आहे, ट्यूब मेली आहे किंवा सॉकेटचा पाय टेकत नाही. प्लेटवर जवळजवळ पूर्ण पुरवठा आणि कॅथोड मात्र काही व्होल्ट चढलेला दिसला, तर कॅथोडचा रेझिस्टर तुटला असण्याची शक्यता मोठी. प्लेटवर शून्य आणि रेझिस्टरच्या अलीकडे पुरवठा शाबूत असेल तर प्लेटचा रेझिस्टर गेला. प्लेट खूप खाली आणि कॅथोड दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर ग्रिडवर डीसी येते आहे, आणि ती बहुधा आधीच्या टप्प्याच्या कपलिंग कपॅसिटरमधून गळते.

ही गळती बेसच्या यंत्रांत मी अनेकदा पाहिली आहे. या कपॅसिटरचे काम सिग्नल पुढे पाठवणे आणि शे-दीडशे व्होल्ट डीसी अडवणे हे असते. त्यातून थोडी डीसी गळून व्हॉल्यूमच्या पॉटवर आली की पॉट फिरवताना खर्रखर्र होते, आणि तो पॉट कितीही धुतला तरी ती जात नाही. म्हणून पॉटमध्ये क्लीनरचा अर्धा डबा रिकामा करण्यापूर्वी त्याच्या टोकांवर डीसी मोजावी. ती जवळजवळ शून्य असेल तर पॉट खरोखर मळलेला आहे. एखादा दशांश व्होल्ट किंवा त्याहून अधिक असेल तर कपॅसिटर बदलावा. याला एक अपवाद आहे. कॅथोड फॉलोअर नावाच्या टप्प्यात ग्रिड थेट आधीच्या प्लेटला जोडलेली असते आणि तिथे शंभराहून अधिक व्होल्ट असणे हेच योग्य असते. पॉट धुण्यासाठी गंज सोडवण्याचा घरगुती स्प्रे वापरू नये. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो.

बेसचा आवाज स्वच्छ आहे पण ई तार पातळ लागते, ही तक्रार असेल तर कॅथोडला समांतर असलेला २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक पाहावा. तो शाबूत असताना हा टप्पा सिग्नल सुमारे साठपट करतो आणि पूर्ण तुटला तर सुमारे तीसपट. मात्र तो हळूहळू कोरडा पडून एखाद्या मायक्रोफॅरडवर आला असेल तर वरचे स्वर पूर्ण जोराने येतात आणि खालचेच दबतात. गिटारवादकाला हा दोष कदाचित वर्षभर कळणार नाही. बेसवादकाला पहिल्या रियाजातच कळतो. हा कपॅसिटर स्वस्त आहे आणि वीसेक वर्षांच्या यंत्रात मोजत न बसता बदलून टाकण्याजोगा आहे. फक्त अधिक-उणे बाजू जपाव्यात.

फिल्टर कपॅसिटर फुगलेले असतील किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसली तर सगळेच एकदम बदलावेत. मूल्य मूळचेच आणि व्होल्टेज ४५० किंवा त्याहून अधिकचे घ्यावे. बुडाशी दिसणारा पिवळसर डिंक मात्र कारखान्यात लावलेला असू शकतो. ओल आणि डिंक यांत गल्लत करू नये.

तडकलेला डाख

माझ्या प्रीॲम्पमधला दोष ज्या तपासणीने सापडला ती सर्वांत साधी आहे. यंत्र तापून कर्रकर्र सुरू झाल्यावर, गेन वर ठेवून, कुल्फीच्या कोरड्या काडीने एकेका भागाला हलकेच दाबत जावे. पेन्सिल येथे वापरू नये, कारण तिचे शिसे वीज वाहते. पहिल्या ट्यूबच्या सॉकेटच्या सहाव्या पायाजवळ काडी टेकली आणि आवाज एकदम गप्प झाला. काडी उचलली, पुन्हा सुरू. वीज तोडून, कपॅसिटर रिकामे करून, भिंगातून पाहिले तेव्हा पायाभोवतीच्या डाखात केसाएवढी गोल रेघ दिसली. ज्या यंत्रांत सॉकेट थेट सर्किट बोर्डावर बसवलेले असते, त्यांत ट्यूबची उष्णता आणि ती उपसताना बसणारे हिसके हे सारे त्या नऊ ठिपक्यांवरच येते. नव्या ट्यूब बसवताना मी स्वतःच ती भेग आणखी रुंद केली असणार.

दुरुस्तीत जुना डाख शोषून काढावा, पाय आणि बोर्डाचा तांबडा ठिपका स्वच्छ करावा व मगच नवा डाख द्यावा; जुन्यावरच नवा थर चढवला तर भेग आत तशीच राहते. सांधा चकचकीत आणि पायाकडे उतरता दिसावा. त्याच वेळी उरलेले आठही पाय, तसेच इनपुट जॅक व पॉट यांचे सांधे पुन्हा तापवून घ्यावेत. काडीने दाबल्यावर सांध्याऐवजी प्लेटचा रेझिस्टरच कुरकुरत असेल तर त्याजागी तेवढ्याच मूल्याचा मेटल फिल्म रेझिस्टर घालावा. येथे तापाच्या दृष्टीने पाव वॉटचा पुरेल, पण त्याची व्होल्टेज सोसण्याची मर्यादा सहसा २५० ची असते, म्हणून एक वॉटचा घ्यावा.

परत वाजवताना

दुरुस्तीनंतर पुन्हा सिरीज बोर्ड, मग थेट वीज, आणि मग निदान दोन तास सलग वादन, हाच क्रम ठेवावा, कारण तापल्यावर येणारा दोष दहा मिनिटांच्या चाचणीत कधीच दिसत नाही. प्रीॲम्पच्या डीआय आउटपुटमधून (थेट मिक्सरला जोडण्याच्या आउटपुटमधून) मिक्सरला जोडताना त्या चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) बंद असल्याची खात्री करावी. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही यंत्रांत त्या व्होल्टेजमुळे खरखर उठते. सारे ठीक असेल तर प्रत्येक ट्यूबच्या प्लेट व कॅथोडचे मोजलेले आकडे, बदललेले भाग आणि तारीख एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला, ट्यूबच्या उष्णतेपासून दूर, चिकटवावा. माझ्या प्रीॲम्पच्या झाकणात आता असे तीन कागद आहेत, आणि तिसऱ्यावर पहिल्या ट्यूबच्या सहाव्या पायासमोर आजही १७८ व्होल्ट लिहिलेले आहे.